काळी राहिलेली डिश

पेशीने बाहेरचा पदार्थ पोटात घेतला की तो पटलाच्या पुटिकेत, म्हणजे सूक्ष्म पिशवीत, बंद होऊन एंडोसोम या वाटेवरच्या कप्प्यात आणि तेथून लायसोसोम या पचनाच्या कप्प्यापर्यंत कसा पोहोचतो, हा आमच्या प्रयोगशाळेचा विषय. नीमन-पिक ‘सी’ या आनुवंशिक आजारात ही वाहतूक शेवटच्या टप्प्यावर अडते. बहुतेक रुग्णांत एनपीसी-१ हे प्रथिन बिघडलेले असते. त्यामुळे लायसोसोममध्ये कोलेस्टेरॉल साचत जाते, आणि मुलाला हळूहळू चालणे, गिळणे, नजर वर-खाली फिरवणेही अवघड होते.

इबोलाच्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी हेच प्रथिन लागते, असे २०११ साली दोन संशोधकगटांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले. ते आम्हाला स्वतः पडताळून पाहायचे होते. खरा इबोला हाताळण्याची आमच्याकडे सोय नाही, म्हणून इबोलाचे पृष्ठप्रथिन चढवलेला, तुलनेने निर्धोक असा दुसरा विषाणू घेतला. तो पेशीत वाढू लागला की पेशी हिरवी चमकते. रुग्णाच्या त्वचेच्या पेशी पेशीसंग्रहातून आल्या होत्या. कुपीवर फक्त क्रमांक, वय आणि आजाराचे नाव होते. वय फारच कोवळे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोगी पेशींची डिश हिरव्या ठिपक्यांनी भरली होती आणि रुग्णाच्या पेशींची डिश काळीभोर होती. पेशी मेल्या असाव्यात, अशी शंका आली. पण साध्या प्रकाशात त्या लांबट, तळाला घट्ट चिकटलेल्या, धडधाकट दिसल्या. खरी साक्ष मात्र तिसऱ्या डिशने दिली. तिच्यात रुग्णाच्याच पेशींना तोच विषाणू त्याच्या मूळ पृष्ठप्रथिनासह दिला होता, ज्याला एनपीसी-१ लागत नाही, आणि ती भरपूर हिरवी झाली होती. म्हणजे पेशी विषाणूला वाढू देत होत्या. इबोलाचे प्रथिन घेऊन आलेला तेवढा अडकला होता. एंडोसोममधील कॅथेप्सिन नावाची विकरे इबोलाचे हे पृष्ठप्रथिन छाटतात, पण छाटलेल्या भागाला धरणारे धड एनपीसी-१ तेथे नव्हते.

निष्कर्ष इतका स्वच्छ असूनही मला निर्भेळ आनंद झाला नाही. ज्या बिघाडाने ते मूल खंगत होते, तोच विषाणूला रोखत होता. मात्र २०११ च्याच प्रयोगांत एनपीसी-१ च्या जनुकाची एक प्रत निकामी आणि एक शाबूत असलेले उंदीर इबोलापासून बहुतांशी बचावले होते, आणि अशी एक शाबूत प्रत असलेल्या आईवडिलांना सहसा हा आजार होत नाही. म्हणूनच प्रथिनाचे काम पूर्ण बंद न पाडता थोड्या काळापुरते मंदावता येईल का, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. त्याच दुपारी आम्ही निरोगी पेशींवर एनपीसी-१ रोखणाऱ्या रसायनाच्या चढत्या मात्रांचा प्रयोग लावला.