दहा अन् पाच किती?

गो-लाइव्हचा, म्हणजे नवी सिस्टिम चालू झाल्याचा, तिसरा दिवस. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतला व्हॉल्व्हचा कारखाना, सॅप या कारभाराच्या सॉफ्टवेअरचं विक्रीचं मोड्यूल माझ्याकडे. अकाउंट्सचे भाई एक बिल टेबलावर ठेवून गेले, वर पेन्सिलीनं २,३६० लिहिलेलं. पुण्याच्या जुन्या डीलरचं म्हणणं, बिल एवढ्यानं जास्त आहे आणि तो जुन्या हिशोबानंच पैसे देणार.

लोकांना वाटतं, सॉफ्टवेअरमध्ये भाव 'टाकायचा' असतो. टाकणं सोपंच आहे, व्हीके ११ हा स्क्रीन उघडून रेट भरला की झालं. जीव जातो तो त्याआधी, व्ही/०८ या स्क्रीनवर प्रायसिंग प्रोसीजर, म्हणजे भाव काढायच्या पायऱ्या, रचताना. यादीभाव, डिस्काउंट, गाडीभाडं, जीएसटी, प्रत्येकाची पायरी ठरवायची. भाडं मी कराच्या आधीच्या पायरीवर बसवलं होतं, कारण माल पोचवून भाडं बिलात लावलं की त्यावरही जीएसटी लागतो. गुजरातेतल्या गिऱ्हाइकाला केंद्राचा अन् राज्याचा मिळून ९ अधिक ९, महाराष्ट्रातल्याला परराज्याचा आयजीएसटी १८ टक्के, तेही चोख. त्यामुळे बिल हातात आलं तेव्हा चूक डीलरचीच असणार, असं मी गृहीत धरलं.

बिल ४ लाखांच्या यादीभावाचं. डिस्काउंट दहा अधिक पाच. दहा टक्के गेले की ३,६०,०००. आता पाच टक्के कशावर? प्रोसीजरमध्ये प्रत्येक पायरीला 'फ्रॉम' नावाचा एक रकाना असतो. तो रिकामा ठेवला तर टक्केवारी तिथवर उरलेल्या रकमेवर लागते, म्हणजे १८,००० गेले, ३,४२,००० राहिले. त्यात यादीभावाच्या पायरीचा आकडा भरला तर पाच टक्केही मूळ ४ लाखांवर, म्हणजे २०,००० आणि ३,४०,०००. फरक २,००० चा, वर १८ टक्के कराचे ३६०. तो रकाना मी रिकामा ठेवला होता.

आणि तो चुकून राहिला नव्हता! सिस्टिम ठरवायच्या बैठकीत, वर्कशॉपमध्ये, मी फळ्यावर हजाराचे ८५५ आणि ८५० असे दोन्ही हिशोब मांडून विचारलं होतं. सेल्स हेड फोनमधून मान वर न करता म्हणाले, "दहा प्लस पाच, सिंपल." मग डॉक्युमेंटवर सही. त्या माणसानं आयुष्यात एकही बिल हातानं केलं नसावं. जुन्या प्रोग्राममध्येही मला काही सापडणार नव्हतं, कारण तिथे बिलं करणारे काका डिस्काउंट वहीत काढायचे आणि नुसता शेवटचा दर टाइप करायचे.

काका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, राहतात दांडिया बाजारात. दुपारी स्कूटर काढून गेले. त्यांनी आधी चहा ठेवायला लावला, मग सगळं ऐकून घेतलं.

"अगं, दहा अन् पाच दोन तऱ्हेचे असतात. एक थेट, एक उतरता."

"पण कुणाला कुठला, काका?"

"माझ्या रजिस्टरात नावापुढे पेन्सिलीचा ठिपका आहे बघ. ठिपका असेल त्याला थेट. मागे कारखान्याला ऑर्डरी नव्हत्या, तेव्हा ह्या लोकांनी आगाऊ पैसे पाठवले होते. मोठ्या शेठनी शब्द दिला होता त्यांना."

रजिस्टर स्टोअरमध्ये मिळालं. ठिपके मोजले, अकरा निघाले. बारावा ठिपका की शाईचा डाग हे ठरेना, तर फोटो काढून काकांना पाठवला. उत्तर आलं, "डाग."

संध्याकाळी दुसरा कंडिशन टाइप, म्हणजे डिस्काउंटचा वेगळा प्रकार, बनवला, त्याच्या फ्रॉममध्ये यादीभावाची पायरी भरली, अकरा डीलरांची रेकॉर्डं त्याच्यावर घेतली. एवढ्यानं आधीच्या ऑर्डरींचे भाव आपोआप बदलत नाहीत, त्या उघडून प्रायसिंग अपडेट करावं लागतं. घाईत मी 'बी' निवडलं, म्हणजे सगळं नव्यानं. तीन ऑर्डरींमध्ये डिस्पॅचच्या मुलानं हातानं घातलेलं भाडं उडालं. 'सी' घ्यायला हवं होतं, त्यात हातानं घातलेलं तसंच राहतं. सहा वर्षं हे काम करून! त्या मुलानं कुरकूर न करता लॉरीच्या पावत्या काढून भाडी परत भरली. पुण्याच्या डीलरसाठी भाईंनी क्रेडिट नोट काढली.

रेकॉर्ड सेव्ह करण्याआधी मुदत विचारली जाते. आपणहून तिथे ३१.१२.९९९९ येतं, म्हणजे कायमचं. मोठे शेठ आता कारखान्यात येत नाहीत, म्हणून मी धाकट्या शेठना विचारलं. त्यांनी अकरा नावांवर नजर फिरवली. यातले चार तर हल्ली वर्षात दोनदा माल उचलतात, म्हणाले. "३१ मार्च टाका. पुढचं पुढे बघू."

मी ३१ मार्च टाकली. अकरा वेळा.

रात्री काकांचा फोन आला. "झालं का गं? थेट लागलं ना सगळ्यांना?"

"हो काका, लागलं," मी म्हणाले. मुदतीचं त्यांना अजून सांगितलेलं नाही.