रविवारचा मोडी वर्ग आणि १८० ओळींचं चित्र

माझे काका दर रविवारी सकाळी नऊला ऑनलाइन मोडी शिकवतात. वडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची माडी, टेबलावर कागद, हातात बोरू. विद्यार्थी नऊ, पुण्याचे, इंदूरचे, एक तर टोरांटोचा. गायकवाडी काळातली मोडी दप्तरं वडोद्यात आहेत आणि ती वाचणारे कमी होत चाललेत, म्हणून हा वर्ग बंद पडू नये असं काकांइतकंच मलाही वाटतं. लॅपटॉपवर लिनक्स मी घातलं, ऑनलाइन बैठकीचं मुक्त सॉफ्टवेअर मीच निवडलं. त्यामुळे चित्र बिघडलं की हाक मलाच.

पहिली अडचण कॅमेऱ्याची होती, ती एका संध्याकाळी सुटली. टेबललँपच्या मानेला बांधलेला यूएसबी कॅमेरा १२८०×७२० ला अडखळत होता. कच्च्या, म्हणजे न दाबलेल्या, वाययूवायव्ही चित्रात प्रत्येक बिंदूला २ बाइट लागतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हटल्या तर साधारण ४४२ मेगाबिट होतात. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमताच ४८०, प्रत्यक्षात त्याहून कमी. तोच कॅमेरा एमजेपीजीमध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेम दाबून पाठवण्याच्या प्रकारात, ३० फ्रेम आरामात देतो. कॅमेरा कोणत्या प्रकारात किती फ्रेम देतो त्याची यादी टर्मिनलमध्ये निघते. आधी ती बघा, मग बाकीचं.

खरा छळ पुढे होता. शनिवारी रात्री मी खालच्या खोलीतून फोनवर जोडून बघायचो, चित्र लख्ख. रविवारी वर्ग भरला की पाच मिनिटांत पुण्याहून आवाज यायचा, “सर, अक्षर फुटतंय.” काकांनी शाईत बोरू बुडवून एका दमात लांब शिरोरेषा ओढावी, आणि पलीकडे ती पायऱ्यापायऱ्यांची दिसावी. मोडीत अक्षर वळणावरून ओळखायचं असतं. वळणच गेलं तर शिकवायचं काय? काका म्हणाले, “अरे, शनिवारी तर चांगलं होतं ना रे?” ते वाक्य मी दोन आठवडे नुसतं ऐकून घेतलं. उत्तर त्यातच होतं.

त्या दोन आठवड्यांत मी राउटर बदलला, केबल बदलली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, पडद्यावर खिडक्या दाखवणारी वेलँड ही यंत्रणा सोडून जुन्या एक्स११ वर गेलो. काही फरक नाही. अजून राग येतो तो एका गोष्टीचा: सेटिंगच्या पानावर ‘उच्च दर्जा’ निवडलेलं दिसत होतं, आणि प्रत्यक्षात काय जातंय ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या दोन शब्दांवर मी विश्वास ठेवला.

शेवटी क्रोमियम ब्राउझरमधलं वेबआरटीसी-इंटर्नल्स हे आतलं पान उघडलं, बैठकीत प्रत्यक्ष काय जातंय ते तिथे दिसतं. (बैठकीत शिरण्याआधीच उघडून ठेवा.) आउटबाउंड-आरटीपीच्या, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या चित्राच्या, नोंदी तीन होत्या, कारण असं सॉफ्टवेअर एकच चित्र तीन थरांत पाठवू शकतं: १२८०×७२०, ६४०×३६० आणि ३२०×१८०. वरचे दोन बंद होते. दर्जा का घटवला याचं कारण तिथे ‘सीपीयू’ किंवा ‘बँडविड्थ’ असं येतं. माझ्याकडे ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, होतं. म्हणजे यंत्र दमलेलं नाही, नेटही पुरेसं आहे, तरी चित्राच्या बिंदूंच्या १८० ओळीच जाताहेत!

मग लक्षात आलं. दहा जण चौकोनांच्या जाळीत बसले की प्रत्येकाकडे काकांचा चौकोन काड्यापेटीएवढा. तेवढ्याला १८० ओळी पुरतात, म्हणून मोठा थर कोणी मागतच नाही, आणि न मागितलेला थर पाठवणं बंद होतं. शनिवारी मी एकटाच असायचो, चित्र पूर्ण पडदाभर. मी पुण्याच्या ताईंना म्हटलं, “काकांच्या चौकोनावर टिचकी मारून मोठं करा.” त्यांनी केलं आणि माझ्यासमोर ३२० चे ६४० झाले, काही क्षणांत १२८०. मी जागेवरून उठून उभा राहिलो. काकांनी विचारलं, “काय झालं?” मला चटकन सांगताही येईना.

पण नऊ जणांना दर वेळी टिचकी मारायला सांगणं शक्य नाही. म्हणून आता कॅमेरा व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडतो आणि ती खिडकी शेअर करतो. शेअर केलेली खिडकी सगळ्यांकडे आपोआप मोठी दिसते. शिवाय नेट मंदावलं तर शेअरिंगमध्ये फ्रेम कमी होतात पण अक्षराची धार राहते. कॅमेऱ्याच्या चित्रात उलट, हालचाल सांभाळायला बारकावे जातात. मोडीला धार हवी. आमच्याकडे शेअरिंग सेकंदाला ५ फ्रेमवर होतं, बोरू उड्या मारत चालल्यासारखा दिसे. १५ केल्यावर काकांचा हात नीट दिसू लागला.

हे आधी सांगायला हवं होतं: व्हीएलसी उघडण्यापूर्वी बैठकीतला कॅमेरा बंद करा. लिनक्समध्ये सहसा एका वेळी एकच प्रोग्राम कॅमेऱ्यातून चित्र घेऊ शकतो, नाहीतर ‘उपकरण व्यस्त’ अशी चूक येते. पडद्याचं मापही १२५ टक्के असेल तर १०० करा. मधल्या मापाला काही खिडक्या ताणून दाखवल्या जातात आणि कडा धूसर होतात.

आणि माडीवर उजेड कमी असतो. अंधारात कॅमेरा प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो, ३० च्या १५ होतात. त्यामुळे आता काका दिवसाढवळ्या दिवा लावून बसतात. परवा टोरांटोच्या मुलानं, तिथे शनिवारची रात्र होती, पहिली अख्खी ओळ न अडता वाचली.