सगळ्या टेस्ट हिरव्या, तरी रिलीज अडवलं

बाणेरच्या आमच्या ऑफिसात मी एका सिस्टीम लायब्ररीची, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमनी वापरायच्या तयार कोडची, स्टेबल ब्रँच (स्थिर शाखा) सांभाळतो. कारखान्यातली यंत्रं आणि सर्व्हर यांच्यातल्या संदेशांची ने-आण करणारी, सी भाषेत लिहिलेली लायब्ररी आहे. नवी फीचर्स मुख्य ब्रँचवर जातात. माझ्याकडे फक्त बग-फिक्स आणि सुरक्षेचे पॅच येतात. नियम एकच, आणि तो मला मनापासून पटतो: या ब्रँचच्या पहिल्या रिलीजवर बांधलेला प्रोग्रॅम तिच्या शेवटच्या रिलीजवरही पुन्हा कंपाईल न करता (सोर्स कोडपासून नव्याने न बांधता) चालला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात या नियमाची कसोटी लागली. बाहेरून आलेल्या संदेशात जी लांबी लिहिलेली असेल तेवढी मेमरी लायब्ररी काही न तपासता मागायची. कुणीही खोटी लांबी पाठवून सर्व्हर आडवा करू शकला असता. मुख्य ब्रँचवर याची दुरुस्ती झाली होती: सेटिंग्जच्या स्ट्रक्चरमध्ये (मेमरीत ओळीने मांडलेल्या फील्डांच्या गटात) ‘कमाल लांबी’ असं नवं फील्ड, आणि मेमरी मागण्याआधी त्याच्याशी तुलना. टीममध्ये नुकत्याच आलेल्या सहकारी मुलीने तो पॅच स्टेबलवर आणला. सगळ्या टेस्ट हिरव्या. त्रुटी जाहीर होण्याची वेळ बाहेरून ठरलेली होती, त्यामुळे संध्याकाळपर्यंत रिलीज काढायचंच होतं.

आमच्याकडे एक फोल्डर आहे. ब्रँचच्या पहिल्या रिलीजच्या वेळी बांधलेले टेस्ट प्रोग्रॅम त्यात जसेच्या तसे ठेवले आहेत. ते पुन्हा बांधायचे नाहीत, अशी सक्त ताकीद आहे. त्यातला पहिलाच प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर चालवला आणि टर्मिनलवर ओळ उमटली: ‘स्टॅक स्मॅशिंग डिटेक्टेड’. म्हणजे स्टॅकवर, प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या मेमरीत, कुणीतरी हद्दीबाहेर लिहिलं होतं.

“पण सर, टेस्ट तर सगळ्या पास झाल्यात,” ती म्हणाली.

झाल्याच होत्या. पण त्या टेस्ट दर वेळी नव्या हेडर फाईलसकट (स्ट्रक्चरची मांडणी सांगणाऱ्या फाईलसकट) नव्याने कंपाईल होतात. म्हणजे लायब्ररी आणि टेस्ट, दोघांनाही नवं स्ट्रक्चर ठाऊक. ग्राहकाकडचा प्रोग्रॅम मात्र जुन्या हेडरवर बांधलेला. स्ट्रक्चर ४० बाइटचं आहे, पहिलं फील्ड इथे, दुसरं आठव्या बाइटवर, हे सगळं त्याच्या मशीन कोडमध्ये आकड्यांच्या रूपात बसलेलं असतं. रेल्वेच्या आरक्षणाच्या यादीत मधेच एक प्रवासी घुसवून पुढच्या सगळ्यांना एकेक बर्थ सरकवलं, आणि लोकांच्या हातातली तिकिटं मात्र जुनीच, तशातली गत. आमच्या पॅचमध्ये आठ बाइटचं नवं फील्ड मधे आलं होतं. जुना प्रोग्रॅम स्वतःच्या स्टॅकवर ४० बाइट राखायचा, ते आमच्या इनिट (सुरुवातीच्या किमती भरणाऱ्या) फंक्शनकडे द्यायचा, आणि फंक्शन ४८ बाइट शून्य करून मोकळं व्हायचं. शेवटचे आठ बाइट दुसऱ्याच्या घरातले. स्टॅक प्रोटेक्टर होता म्हणून निदान आरडाओरडा झाला; नसता तर प्रोग्रॅम कुठेतरी भलतीकडेच बिघडला असता.

तिने लगेच दुसरा मार्ग काढला, आणि तो हुशारीचा होता. पाहोल नावाचं साधन स्ट्रक्चरची मांडणी बाइटनिशी दाखवतं. आमच्या स्ट्रक्चरमध्ये आधी चार बाइटचा टाइमआउट आणि मग पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता. ६४ बिटच्या मशीनवर पॉइंटर आठाच्या पटीत बसतो, म्हणून मधले चार बाइट रिकामे राहतात. कमाल लांबी ३२ बिटची करून तिथे बसवली. आकार ४०च राहिला, एकही ऑफसेट (फील्डची जागा) हलला नाही. जुने प्रोग्रॅम चालायला लागले. दोन बायनरींमधले (कंपाईल झालेल्या फाईलींमधले) एबीआयचे, म्हणजे प्रोग्रॅम आणि लायब्ररी यांच्यातल्या मशीन कोडच्या पातळीवरच्या कराराचे, फरक दाखवणाऱ्या एबीआयडिफच्या अहवालातही आकार किंवा ऑफसेट बदलल्याची तक्रार नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, “झालं ना? काढा रिलीज.”

मी हेडर उघडून एका मॅक्रोवर बोट ठेवलं. मॅक्रो म्हणजे कंपाईल होताना वापरणाऱ्याच्याच कोडमध्ये उतरणारा तयार तुकडा. काही ग्राहक इनिट फंक्शन बोलावतच नाहीत. हेडरमधल्या या मॅक्रोने स्ट्रक्चर जागेवरच भरतात. तो मॅक्रो त्यांच्या प्रोग्रॅममध्ये विरघळलेला असतो, लायब्ररीचा तिथे काही संबंध नाही. आणि असं भरताना कंपायलर फील्डं भरतो. मधली रिकामी जागा शून्य होईलच, अशी खात्री सी भाषा देत नाही. तिथे स्टॅकवरचा आधीचा कचरा असू शकतो. मग कमाल लांबी कधी १७ निघेल, कधी अब्जावधी. म्हणजे आठवड्यातून एखादा चांगला संदेश विनाकारण नाकारला जाईल आणि कारण कुणालाच सापडणार नाही. सरळ क्रॅश होणारा प्रोग्रॅम मला यापेक्षा परवडतो. तिने तिथल्या तिथे दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, आधी स्टॅकवर मुद्दाम कचरा भरला, मॅक्रो वापरला आणि ते चार बाइट छापले. कचराच होता.

“मग सोनेम बदलू,” व्यवस्थापक म्हणाले. सोनेम म्हणजे लायब्ररीच्या फाईलमध्ये कोरलेलं, आवृत्तीच्या आकड्यासह असलेलं नाव. प्रोग्रॅम सुरू होताना त्याच नावाने लायब्ररी शोधतो. ते बदललं की जुने प्रोग्रॅम जुन्याच लायब्ररीला धरून राहणार, म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती ज्यांच्यासाठी काढली त्यांनाच ती मिळणार नाही. लिनक्सवरच्या जीलिबसीचं, म्हणजे तिथल्या सी भाषेच्या मूळ लायब्ररीचं, सोनेम १९९७ पासून ‘लिबसी डॉट एसओ डॉट ६’ हेच आहे. २०१० मध्ये तिथे मेमसीपीवाय हे मेमरीतला मजकूर दुसरीकडे उतरवणारं फंक्शन वेगवान केलं आणि फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटायला लागला. चूक फ्लॅशची होती. एकमेकांवर चढणाऱ्या जागांसाठी ते फंक्शन वापरायचंच नसतं. तरीही पुढे जीलिबसी २.१४ मध्ये नव्या प्रोग्रॅमसाठी त्या सिम्बॉलची (लायब्ररीत नोंदलेल्या फंक्शनच्या नावाची) नवी आवृत्ती दिली आणि जुन्या बायनरींना जुनी, सुरक्षित वागणूक ठेवली. सिम्बॉलची नवी आवृत्ती आम्हालाही काढता आली असती, पण स्टेबल ब्रँचमध्ये तेही नको: आजच्या रिलीजवर बांधलेला प्रोग्रॅम मग कालच्या रिलीजवर सुरूच होणार नाही. जीलिबसीच्या रिलीज ब्रँचमध्येही नवे सिम्बॉल घालत नाहीत.

व्यवस्थापकांना हे पटत होतं, पण घड्याळही दिसत होतं. मी भोसरीच्या एका कारखान्यात फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिथले मेंटेनन्सचे साहेब निवृत्तीला आलेले. पुन्हा बिल्ड करता येईल का, विचारलं.

“अहो, ज्यांनी तो प्रोग्रॅम लिहून दिला त्यांनी दुकान कधीच गुंडाळलं. सोर्स कोड आमच्याकडं आलाच नाही. मशीन चालतंय, म्हणून आम्ही हात लावत नाही. तुम्ही काय बदलताय का?”

“नाही बदलत,” व्यवस्थापकच म्हणाले. त्यानंतर सोनेमचा विषय निघाला नाही.

उत्तर शेवटी आमच्याच कोडमध्ये होतं. सेशन उघडताना लायब्ररी स्वतः एक वेगळं स्ट्रक्चर बनवते. ग्राहकाच्या हातात फक्त त्याचा पॉइंटर असतो. आत काय आहे, किती बाइट आहेत, हे त्याच्या हेडरमध्ये नाही. तिथे आम्ही काहीही वाढवू शकतो. कमाल लांबी तिथे ठेवली, आणि ती बदलण्याची सोय दिलीच नाही. सोय हवी असेल तर ती पुढच्या मोठ्या आवृत्तीत. स्टेबल ब्रँचमध्ये नवं बटण द्यायचं नाही, यावर मी ठाम होतो.

राहिला प्रश्न आकड्याचा. एबीआय शाबूत ठेवून वागणूक मोडली तर ग्राहकाला दोन्ही सारखंच. आमच्या दस्तऐवजात पहिल्यापासून १६ एमबीची मर्यादा लिहिलेली होती, कोडमध्ये ती कधी तपासलीच जात नव्हती. तोच आकडा घेतला. भोसरीला पुन्हा फोन करून सर्वांत मोठ्या रिपोर्टचा आकार विचारला. साहेबांनी फाईल उघडून बघितली, एक एमबीही नव्हती. फोल्डरमधले सगळे जुने प्रोग्रॅम चालले, मॅक्रोवालेही, आणि रिलीज वेळेत गेलं.

दुसऱ्या दिवशी तिने पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठी प्रस्ताव पाठवला: सेटिंग्जच्या स्ट्रक्चरचं पहिलं फील्ड म्हणजे त्याचा स्वतःचा आकार. लिनक्स कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) क्लोन३ आणि ओपनअ‍ॅट२ या सिस्टीम कॉल्समध्येही, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे करायच्या विनंत्यांमध्येही, स्ट्रक्चरबरोबर आकार द्यावा लागतो. जुना प्रोग्रॅम कमी बाइट देतो, बाकीचे कर्नल शून्य धरतं. सोबत मॅक्रो काढून टाकायची सूचना होती. पहिला भाग मी तिथल्या तिथे मंजूर केला. मॅक्रोवर अजून आमचा वाद चालू आहे, कारण तो वापरणारे ग्राहक कोण कोण आहेत, ते आधी एकेकाला विचारावं लागणार आहे.