ते मांजराचं परत वाच

आमच्या मंडळाची स्मरणिका निघतेय. चिटणीसांचा फोन आला, "ताई, लोक आवडीने वाचतील असं काहीतरी द्या ने." हे 'ने' बडोद्याचं. पुण्याचे पाहुणे त्याला हसतात, आम्हाला ते ऐकूसुद्धा येत नाही.

दुपारी मागचं आवरून बसले. पहिलं वाक्य लिहिलं : 'बडोदे ही संस्कारनगरी म्हणून ओळखली जाते.' हे वाक्य मी आजवर किती स्मरणिकांमध्ये वाचलंय! वाचलंय कसलं, बोळातलं गटार ओलांडावं तसं ओलांडलंय. खोडलं. मग लिहिलं, '१९०६ साली सयाजीराव महाराजांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.' खरं आहे, पण बडोद्यात ते कोणाला सांगायचं? आमच्याकडे कुठलाही लेख महाराजांना मुजरा करूनच निघतो, आणि पानभर गेल्यावर कळतं की लेख भाकरवडीवर होता.

लिहायचं सोडून मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोचले. म्हणजे मनाने. तिथल्या मांडण्यांमधली जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा म्हणून. १९१० मध्ये महाराजांनी बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला खास अमेरिकेहून बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली, हे सगळं मला नंतर कळलं. लहानपणी त्या काचेवर पाय ठेवताना मला दोनच काळज्या असत : काच फुटेल का, आणि खालच्या माणसाला माझा फ्रॉक दिसेल का. बाबा म्हणत, "पुस्तकं बघ, पाय नको बघू."

पुस्तकं मी मागून बघायची. शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांची चिठ्ठी चिकटवलेली असे. शिक्क्यांची गर्दी असलेलं पुस्तक घ्यायचं, कोरी चिठ्ठी असलेलं ठेवून द्यायचं. बाबांना हे अजिबात पसंत नव्हतं. त्यांच्या मते कोऱ्या चिठ्ठीच्या पुस्तकालाच वाचकाची खरी गरज असते. मी अजून ऐकलेलं नाही. प्रस्तावनाही वाचत नाही. ज्याला आत यायचं आहे त्याला ओसरीवर किती वेळ बसवायचं?

खेड्यांत गेलेल्या त्या पेट्या परत येत, तेव्हा कुठलं पुस्तक फाटून आलं आणि कुठलं करकरीत, हे कोणी टिपून ठेवलं असतं तर मी चिटणीसांना तेच दिलं असतं.

आजी मात्र आवडनिवड तोंडावर सांगे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दुपारी टपाल यायचं आणि तिचे डोळे अधू, म्हणून वाचायचं काम माझं. ती गवार निवडत बसे. आत्याचं सांगलीहून कार्ड आलं की मी सुरू करी, 'ती. सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.'

"पुढं."

'इकडील सर्व क्षेम असून...'

"पुढं."

एका कार्डात होतं : 'मांजरीने ह्यांच्या लग्नातल्या फेट्यात तीन पिल्लं घातली आहेत. हे दुपारभर त्यांच्यापाशी बसून असतात.' आजीचा हात थांबला. "ते मांजराचं परत वाच." मी परत वाचलं. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, त्यांच्यासमोर पुन्हा. आठवडाभर घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकीने ते मांजर ऐकलं आणि प्रत्येकजण पोट धरून हसली. मी तर तिसऱ्या दिवसापासून फेट्यावर थोडं थांबून मग 'तीन पिल्लं' म्हणायला लागले होते. आजी काही हसायची नाही. पण रोज वाचायला लावायची.

लोकांना आवडतं ते हेच, असं मला त्या दुपारी वाटलं, आणि चिटणीसांना मांजराचंच द्यावं म्हणून मी आत्याला फोन लावला. पिल्लांचे रंग विचारायचे होते. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे.

"कसले रंग? मला नाही बाई आठवत," ती म्हणाली. "तेव्हा ह्यांची नोकरी जाऊन दोन महिने झाले होते. आईला लिहायचं म्हणून कार्ड घेतलं. क्षेम लिहिलं आणि पुढं हात चालेना. अर्धं कार्ड कोरं गेलं असतं तर तिला शंका आली असती ना? मांजर समोर होतं, ते लिहिलं. आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

मी बरं म्हणून फोन ठेवला. लेख अजून दिलेला नाही.

ते कार्ड आलं त्याच आठवड्यात आजी माझा हात धरून पोस्टात गेली होती. कधी बाहेर न पडणारी बाई, म्हणून मला लख्ख आठवतं. तिने फॉर्म माझ्याकडून भरून घेतला, आत्याच्या नावे पन्नास रुपयांची मनीऑर्डर. खाली मजकुरासाठी चार ओळींची जागा असे. काय लिहू, असं मी विचारलं.

"लिही," आजी म्हणाली, "पिल्लांच्या दुधाला."