थेरपिस्ट आपल्याच शहरातला का असावा

नाशिकमध्ये कुणाच्या घरी मानसिक त्रासाचा विषय निघाला, की पहिला सल्ला बहुतेक वेळा ठरलेला असतो: "पुण्याला कुणाला तरी दाखवा." मुंबईचेही नाव निघते. या सल्ल्यामागे तिथल्या तज्ज्ञांवरचा विश्वास असतो, पण त्याहून मोठे कारण उघड बोलले जात नाही, आणि ते म्हणजे तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. कॅनडा कॉर्नरला किंवा शरणपूर रोडला एखाद्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना शेजारच्या काकूंनी पाहिले, तर संध्याकाळपर्यंत सोसायटीत चर्चा होईल, ही भीती खोटी नाही. धाकट्या भावासाठी थेरपिस्ट शोधताना या भीतीचा मला फार जवळून विचार करावा लागला, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. नियमित उपचार घ्यायचे असतील, तर माणूस आपल्याच शहरातला, शक्य तर आपल्या रोजच्या वाटेवरचा शोधावा, आणि गुप्ततेची काळजी लांब जाऊन मिटवण्याऐवजी नीट चौकशी करून मिटवावी.

मानसोपचार हे एकदा जाऊन दाखवून यायचे काम नसते. पाऊण ते एक तासाचे सत्र, सुरुवातीला साधारण आठवड्यातून एकदा, आणि असे काही महिने, हा त्याचा नेहमीचा क्रम आहे. पुणे इथून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव या रस्त्याने सुमारे २१० किलोमीटर आहे; मुंबईला सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाऊन त्याच दिवशी परत येता येते, पण त्यात पूर्ण दिवस जातो आणि एक रजा खर्ची पडते. लोक पहिल्या काही वेळा मनापासून जातात, मग मुलांच्या परीक्षा, लग्नसराई, द्राक्षांची काढणी असे काही ना काही आडवे येते, आणि थोडे बरे वाटू लागताच, म्हणजे नेमके थांबू नये अशा वेळी, जाणे सुटते. माझ्या ओळखीच्या दोन घरांत असेच झाले आहे. व्हिडिओ कॉलवरील थेरपी हा चांगला पर्याय आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी परिसरातल्या लोकांना तर तो फारच उपयोगी पडेल, पण त्यासाठी दार लावून निर्धास्तपणे बोलता येईल अशी खोली लागते. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे आई पोळ्या करीत असताना, आईविषयीच बोलायचे असेल तर माणूस काय बोलणार?

माझा भाऊ सातपूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. त्याला रात्री एकाएकी छातीत धडधड होई, हात गार पडत, श्वास अडके, आणि "ताई, मला हार्ट अटॅक येतोय" असे म्हणून तो मला फोन करी. ईसीजी आणि टूडी इको दोन्ही नॉर्मल आले. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हे पॅनिक अटॅक असावेत असे सांगितले, पण त्याआधी थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावली, आणि ही पायरी कुणीही वगळू नये असे मला वाटते. थायरॉइडचे प्रमाण कमी झाले तर उदासपणा, थकवा आणि सुस्ती येते. ते वाढले तर धडधड, घाम, थरथर आणि बेचैनी जाणवते. मनाचा आजार समजून आपण ज्याच्यावर महिनोन्महिने बोलत बसू, त्याचे मूळ कधी कधी रक्ताच्या रिपोर्टमध्ये सापडते.

त्यानंतरचा प्रश्न असतो नेमके कुणाकडे जायचे हा. इथे पाटीवर लिहिलेल्या नावापेक्षा पदवी आणि नोंदणी पाहावी. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. या आजारांचे निदान करून औषधे ते देतात, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी हे त्यांचे क्षेत्र असते. १९९२ च्या कायद्यानुसार त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते, आणि वर्षानुवर्षे त्यासाठीची रूढ पात्रता दोन वर्षांचे एमफिल ही राहिली आहे. तिसरा आणि सर्वांत मोठा गट समुपदेशकांचा. यात मानसशास्त्रात एमए करून पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेली फार चांगली माणसे आहेत, आणि काही आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर पाटी लावलेलीही आहेत. राष्ट्रीय पातळीवर २०२१ मध्ये जो संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा झाला, त्याच्या कक्षेत समुपदेशकही येतात, परंतु म्हणून पाटी लावणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी झालेलीच असेल असे आज धरून चालता येत नाही. फोनवर शांतपणे विचारावे: "तुमचे शिक्षण काय आहे, आणि नोंदणी क्रमांक मिळेल का?" चांगल्या व्यक्तीला या प्रश्नाचा राग येत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे. ज्यांना राग येतो, तिथे पुढे जाण्याचे कारण उरत नाही.

झोप आणि भूक पार उडाली असेल, कामावर जाणे अशक्य झाले असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा टोकाचे संशय येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावे. थेरपी त्यानंतर जोडता येते. आणि जीव नकोसा वाटतो, असे कुणी म्हणत असेल तर योग्य माणूस शोधत बसायची ती वेळ नव्हे. त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयात, ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो, तातडीच्या विभागात थेट न्यावे, आणि १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावावा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. पोलीस केस होईल म्हणून काही घरांत अशा माणसाला लपवून ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, जीव देण्याचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिला त्याबद्दल शिक्षा होत नाही. त्या भीतीने रुग्णालय टाळू नये.

सिव्हिलचा मानसोपचार विभाग केवळ आणीबाणीसाठी आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात तिथे साध्या केसपेपरवर तज्ज्ञ तपासतात आणि औषधे मिळतात. रांग लागते, वेळ कमी मिळतो, हे खरे. दीर्घ संवादाची अपेक्षा तिथे ठेवता येत नाही. पण निदान आणि औषधे तिथे, आणि बोलण्यासाठी वेगळा थेरपिस्ट, अशी सांगड पुष्कळ कुटुंबांना परवडणारी आहे. निफाड, ओझर, पिंपळगावकडच्या लोकांना आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वाटेवरच पडते.

भाषेचा मुद्दा मी आधी किरकोळ समजले असते, पण तो तसा नाही. आपल्याकडची माणसे क्वचितच "मला नैराश्य आले आहे" असे म्हणतात. ती म्हणतात, काही गोड लागत नाही, जीव घाबरा होतो, डोके जड झाले आहे, कशात मन लागत नाही. कळवण-सटाण्याकडून आलेली एखादी आजी हे अहिराणीत सांगते. हे बोलणे ज्याला जसेच्या तसे कळते, अर्धवट इंग्रजीत उलथापालथ करून घ्यावे लागत नाही, असा माणूस समोर असला की रुग्णाचे निम्मे अवघडलेपण जाते. म्हणूनही मी जवळच्या माणसाचा आग्रह धरते.

आता गुप्ततेविषयी. एका ठिकाणी समुपदेशकाने भावाला धीर देण्याच्या हेतूने दुसऱ्या एका रुग्णाची हकीकत सांगितली. नाव घेतले नाही, पण कारखाना, हुद्दा आणि घटस्फोटाचा तपशील, एवढ्यावरून सातपूरमध्ये माणूस ओळखता येतो. बाहेर येताच भावाने मला विचारले, "उद्या माझी गोष्ट हे कुणाला सांगतील?" तिथे आम्ही पुन्हा गेलो नाही. दुसऱ्या एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसलेल्या ताईंनी सगळ्यांदेखत मोठ्याने "काय त्रास आहे?" असे विचारले. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उपचार करणाऱ्या सर्व आरोग्य व्यावसायिकांवर माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आहे, आणि त्याला जिवाचा धोका, न्यायालयाचा आदेश, दुसऱ्या उपचारकर्त्याला माहिती देण्याची गरज असे मोजकेच अपवाद आहेत. तेव्हा पहिल्याच फोनवर विचारावे की दोन रुग्णांच्या वेळांमध्ये अंतर ठेवता का, नोंदी कुठे राहतात, आणि मी काय बोललो हे घरच्यांना सांगाल का. हा शेवटचा प्रश्न तर विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे आई-वडील किंवा नवरा, आपण फी भरतो म्हणजे सगळे ऐकण्याचा आपल्याला हक्क आहे, असे मानतात. भावाच्या सध्याच्या थेरपिस्टनी मला पहिल्याच दिवशी सांगितले की तुम्ही त्यांच्या ताई असलात, तरी सत्रात काय बोलणे झाले हे मी तुम्हाला सांगणार नाही. मला त्याच क्षणी हायसे वाटले.

कोणती पद्धत चांगली, यावर लोक फार वेळ घालवतात. मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे आरईबीटी, ऐकून माहीत असते. विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटीचे नावही आता सर्वत्र आहे. पॅनिक अटॅकसारख्या त्रासात सीबीटीचा उपयोग चांगला सिद्ध झालेला आहे, त्यामुळे तिचे प्रशिक्षण घेतले आहे का, हे विचारणे रास्तच आहे. पण मला अधिक उपयोगी वाटली ती एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये केलेली मांडणी. उपचारातले नाते तीन गोष्टींवर उभे असते, असे ते म्हणतात: आपण कशासाठी काम करीत आहोत यावर दोघांचे एकमत, ते कसे करायचे यावर एकमत, आणि परस्परांवरचा विश्वास. तीन-चार सत्रांनंतर भावाला मी एवढेच विचारले की तुमचे नेमके काय चालले आहे हे तुला सांगता येते का. त्याला सांगता आले: धडधड सुरू झाली की पळून न जाता ती चढते आणि उतरते कशी हे पाहायचे, शिफ्ट बदलताना झोपेची वेळ कशी सांभाळायची, आणि वडिलांशी न बोललेले काय साचले आहे. पहिल्या ठिकाणी त्याला याचे उत्तर देता आले नव्हते; तिथे फक्त "सकारात्मक विचार करा" असे सांगितले जात होते.

थेरपिस्टने काय करू नये, हेही माहीत असावे. इतक्या सत्रांत पूर्ण बरे करतो अशी हमी, उपचारांच्या नावाखाली जातीवरून किंवा लग्न न करण्यावरून उपदेश, एकदम मोठे पॅकेज आगाऊ भरण्याचा आग्रह, ही सगळी उठून निघण्याची कारणे आहेत. समलिंगी आकर्षण "बरे" करून देतो असे कुणी म्हणत असेल तर तो उपचारच नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा प्रकारांना डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

आपल्या भागात त्र्यंबकेश्वरच्या विधींचाही विषय निघाल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे मावशींनी तो काढला. पूजेने घरच्यांना धीर मिळत असेल तर माझा त्याला विरोध नाही, पण त्यासाठी चालू औषध एक दिवसही थांबवू नये. नैराश्यावरच्या किंवा चिंतेवरच्या बऱ्याच औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि ती एकाएकी बंद केली तर त्रास उलटू शकतो. बंद करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

खर्चाबाबत आधीच मोकळेपणाने बोलावे. सत्राची फी, सत्र चुकल्यास ती भरावी लागते का, दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला सकाळची वेळ मिळेल का, फी कमी होऊ शकते का, हे विचारण्यात संकोच नको. २०१७ च्या त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांइतकेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे, पण बहुतेक पॉलिसींमध्ये ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते असते; आठवड्याच्या सत्रांची फी सहसा खिशातूनच जाते. म्हणून मोठे नाव असलेल्या व्यक्तीकडे दोनदा जाऊन थांबण्यापेक्षा, वर्षभर परवडेल अशा नोंदणीकृत व्यक्तीकडे जाणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ही सगळी चौकशी किचकट वाटून कुणी घरीच बसावे असे मात्र मुळीच होऊ नये. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. अपुरी चौकशी करून गेलेला माणूस पुढे थेरपिस्ट बदलू शकतो, न गेलेल्याला ती संधीही मिळत नाही.

बदलायचे ठरले तर फोन उचलणे बंद करून गायब होऊ नये. एक शेवटचे सत्र घेऊन, इथे मला उपयोग होत नाही असे सांगावे आणि दुसरे कुणी सुचवता का, असे विचारावे. चांगले थेरपिस्ट नाव सुचवतात, कारण शहरातली ही मंडळी एकमेकांना ओळखून असतात. मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ नुसार आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आपल्याला आहे. निदान, औषधांची नावे आणि मात्रा, केलेल्या चाचण्यांचे निकाल यांच्या प्रती मागून घ्याव्यात. ते कागद सोबत असले, की नव्या ठिकाणची पहिली सत्रे तीच हकीकत पुन्हा सांगण्यात जात नाहीत, आणि आधीच्या औषधांचा काय परिणाम झाला होता हे नव्या डॉक्टरांना अंदाजाने ठरवावे लागत नाही.