कुकरची रिंग

जुलैत बेळगावात पाऊस कसा लागून राहतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या सकाळी खानापूरकडचा एक मुलगा भिजूनच लॅबच्या खिडकीशी आला. "ताई, आबांचा रिपोर्ट झाला काय हो? त्याबगर पुढचं काय ठरत नाही म्हणालेत डॉक्टर." म्हटलं, संध्याकाळी या.

आबांच्या प्रोस्टेटमधून सुईने काढलेले बारा तुकडे, शेवईसारखे बारीक. अकरांत काही नव्हतं. बाराव्यात पाच ग्रंथी अशा, की नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगावर आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनाही ठाम सांगता येईना. अशा वेळी आम्ही दोन अँटिबॉडी लावतो. अँटिबॉडी ठरावीक प्रथिनालाच चिकटते, आणि चिकटली तिथे तपकिरी रंग उठतो. एक रेसमेज या एन्झाइमला चिकटते. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींत ते बहुतेक वेळा वाढलेलं असतं. दुसरी पी-63. ती निरोगी ग्रंथीच्या कडेच्या तळपेशींची केंद्रकं रंगवते. कॅन्सरमध्ये ते कुंपणच राहत नाही. पहिली तपकिरी आणि दुसरी कोरी आली, की संशय पक्का होत जातो.

दुपारी काचा मायक्रोस्कोपखाली घेतल्या आणि पोटात धस्स झालं. सगळं निळंच. आबांच्या दोन्ही काचा कोऱ्या, आणि कंट्रोल म्हणून, म्हणजे रंगकाम नीट झालं का ते पडताळायला, लावलेली मूत्रपिंडाची काचही कोरी. मूत्रपिंडाच्या नलिकांत रेसमेज भरपूर असतं, ती काच तपकिरी व्हायलाच हवी. ती सोबत नसती तर? रेसमेज कोरं म्हणून कुणी कॅन्सर नाही म्हटलं असतं, पी-63 कोरं म्हणून कुणी आहे म्हटलं असतं. माझे हात गार पडले.

अँटिबॉडीची तारीख बघितली, ठीक होती. रंगाच्या द्रावणाचा थेंब पेरॉक्सिडेज (रंग उठवणारं एन्झाइम) जोडलेल्या द्रावणात टाकला, तो लगेच तपकिरी झाला. म्हणजे चूक त्याआधीची. मग आठवलं, सकाळी कुकरच्या कडेने वाफ फुसफुसत होती आणि शिट्टी झालीच नव्हती. तुकडे टिकवायला वापरतात ते फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांत जखडून टाकतं. ती गाठ उष्णतेने सुटते, हे 1991 साली मायक्रोवेव्ह वापरून दाखवलं गेलं. आम्ही तेच काम कुकरवर करतो. रिंग सैल होती, दाब धरलाच नाही. अँटिबॉडीला चिकटायला जागाच उघडी झाली नव्हती. सकाळी तो आवाज ऐकूनही मी पुढे गेले, हे आजही सलतं.

तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक पुन्हा कापायची भीती वाटत होती. चार मायक्रॉनच्या दोन-चार चकत्या गेल्या, की त्या पाच ग्रंथी संपल्याच असत्या. नशीब, पहिल्या दिवशीच दोन न रंगवलेल्या काचा जास्तीच्या काढून ठेवल्या होत्या. खडेबाजारातून नवी रिंग आणवली. आधी एकटी मूत्रपिंडाची काच लावली. शिट्टी झाली, तेव्हा मी आणि माझी सहकारी, दोघीही काही न बोलता उभ्या होतो. ती काच तपकिरी झाल्यावरच आबांच्या शेवटच्या दोन काचांना हात लावला.

अंधार पडता पडता सरांनी त्या बघितल्या. त्या पाच ग्रंथींच्या पेशींत तपकिरी कण, रवा सांडावा तसे. शेजारच्या चांगल्या ग्रंथींभोवती पी-63 ची गडद केंद्रकं ओळीने बसलेली, आणि या पाचांभोवती एकही नाही. सर बराच वेळ मान वर करेनात. मग म्हणाले, "आहे."

मुलगा बाकावर बसून होता, शेवटची गाडी चुकवून. "रिपोर्ट सकाळी सर स्वतः समजावून सांगतील," एवढंच म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. डबा उघडून अर्धी भाकरी माझ्यापुढे केली.