येते हं

मराठीत 'जाते' म्हणून घराबाहेर पडायची सोय नाही. माझी आजी तर 'जाते' कानावर आलं की उंबऱ्यावरून परत फिरवायची आणि 'येते' वदवून घेऊन मगच सोडायची. मीही आजवर हा शब्द असाच, काही विचार न करता वापरत आले. त्याचा हिशेब माझ्या तीन वर्षांच्या लेकीनं, परीनं, मागितला. जुलैतल्या एका सोमवारी, अंगणवाडीच्या दारात.

"येते हं," मी म्हटलं.

"मग ये ना!" म्हणत ती माझ्या ओढणीला लोंबकळली.

आता मी म्हणजे या विषयातली जाणकार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. जूनअखेर शाळा उघडली (आमच्याकडे उन्हापायी उशिराच उघडते) की खिडकीच्या गजांना नाक लावून उभ्या असलेल्या आयांना मीच पिटाळते. डी.एड.ला बालमानसशास्त्रज्ञ पियाजे पाठ केलेला. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मुलाला उमगू लागतं की दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी होत नाही. तोवर सगळी दृष्टीआड सृष्टी. मग कळतं, आई कुठंतरी आहे, फक्त इथं नाही. आणि रडं तिथून सुरू होतं. म्हणजे रडणं ही अक्कल फुटल्याची खूण. पेपरात हे लिहून चांगले मार्क मिळवले होते. पण मारोतीच्या पारापाशी एसटी हॉर्न देत असते आणि लेक गुडघ्याला मिठी मारून बसलेली असते, तेव्हा ही अक्कल महिनाभर उशिरा फुटली असती तरी चाललं असतं, असं वाटतं.

सासूबाईंकडे तोडगा तयार होता. "तिले खेळात गुंतव अन् डोया चुकवून सटक. आमी बाभळीले झोका बांधो, लेकरू निजलं का कापूस वेचाले जावो. कोनतं लेकरू मेलं त्यानं?"

दुसऱ्या दिवशी सटकले. मदतनीस मावशींनी चेंडू पुढं केला, परी वळली, मी मागच्या दारानं पसार. एसटीत जागासुद्धा मिळाली. त्याची किंमत मात्र आठवडाभर चुकवली. घरी मी संडासला गेले तरी ही दाराशी बसून राही. रात्री झोपेत माझी बांगडी मुठीत धरून ठेवी. चूक तिची नव्हती. जी आई न सांगता नाहीशी होते, ती कधीही होऊ शकते. मग पहारा नको?

अंगणवाडीच्या नावात अंगण आहे. बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडकांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, आणि मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आई तिथंच, हाकेच्या अंतरावर. माझी लेक मात्र अंगणवाडीत आणि मी बारा किलोमीटरवर, दुसऱ्याच्या लेकरांना बाराखडी शिकवत.

मार्ग मावशींनीच काढला, तोही पियाजेला न विचारता. "म्याडम, तिले घड्याय समजते का? 'दोन वाजता येतो' काय म्हन्ता? खिचडीनंतर म्हना." तेव्हापासून आमचा करार ठरला: आधी गाणी, मग खिचडी, मग हात धुणं, मग आजी, आणि आजीच्या मागून एसटीतून आई. मी रोज तेच, त्याच क्रमानं सांगायची. एक पापा, एक 'येते हं', आणि पाठ. दुसरा पापा द्यायला वळलं की सगळं मुसळ केरात. ती रडायचीच. पण मावशी सांगायच्या, "तुमी पारापलीकडं गेल्या का चूप."

मग तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा आला. आजोबांनी चाकांचा लाकडी नंदी आणला, घुंगरू लावलेला. मिरवणूक झाली, बोजारा म्हणून दहा-दहाच्या नोटा जमल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून नंदी अंगणवाडीत. आता मी निघताना ती नंदीची दोरी मुठीत आवळायची, ओठ थरथरायचे, पण ओढणी सुटली. आईच्या जागी लाकडाचा बैल, याचं मला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

परवा रात्री साडेनऊला अंथरुणात उठून बसली. नंदी अंगणवाडीतच राहिला होता.

"उद्या आणू. झोपला असेल तो."

"नाही झोपला," ती मुसमुसत म्हणाली. "मी त्याला येते म्हटलंच नाही."

चपला घातल्या. बॅटरी घेतली. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "येडी झाली का व?" पण दार त्यांनीच उघडून दिलं. गाव चिडीचूप होतं, पारावरचं कुत्रं तेवढं थोडं सोबत आलं. अंगणवाडीला कुलूप. मी परीला उचलून खिडकीशी धरलं. आत उजेड टाकला तर तो कोपऱ्यात, तोंड भिंतीकडं करून.

परीनं गजांना नाक लावलं. "नंद्या, येते हं. गाण्याच्या आधी."